एबकाका आणि पिकायला ठेवलेली मुलं

एबकाकांना मी कधी टाळी वाजवताना पाहिलं नाही. नॉटिंगहॅमजवळच्या आमच्या गावातल्या रिंकवर आइस हॉकीचा सामना असला आणि गोल झाला, की सगळी गॅलरी उभी राही, ढोल वाजू लागत, रंगीत झोत बर्फावर वेडेवाकडे धावत. त्या कल्लोळात गोलपोस्टच्या मागच्या, कुणालाच नको असलेल्या खुर्चीत एबकाका दोन्ही हात काखेत दाबून बसलेले असत. चेहरा दाढ ठणकत असल्यासारखा.

"काका, आपला गोल झाला," मी पहिल्या सामन्याला उत्साहानं म्हणाले होते.

"ते बोर्डावर दिसतंय, बाई. आपला पोरगा तेव्हा कुठे उभा होता, ते बघितलंत का?"

मी बघितलं नव्हतं. कुणीच बघितलं नव्हतं. त्यांचा जन्मभराचा संताप बहुधा या एकाच गोष्टीचा होता, की ज्या ठिकाणी काही घडत असतं तिथे कुणाचंच लक्ष नसतं.

त्यांचा व्यवसायच तसा होता. अटलांटिकपलीकडचे श्रीमंत संघ दर उन्हाळ्यात सतरा-अठरा वर्षांची मुलं निवडतात. निवडतात म्हणजे खेळवत नाहीत. मुलावर फक्त हक्क सांगून ठेवतात. मग मुलगा ज्याच्या त्याच्या गावी, कुणा दुसऱ्याच संघात, पिकायला सोडून दिला जातो. काही वर्षांत करार केला तर तो त्यांचा, नाहीतर हक्क संपतात आणि मुलगा पुन्हा कुणाचाच नसतो. या मधल्या काळात त्याच्यावर नजर ठेवायला, त्याला शिकवायला आणि वरच्यांना खबर द्यायला एक माणूस ठेवलेला असतो. त्याला डेव्हलपमेंट कोच म्हणतात. ब्रिटनमधल्या अशा मोजक्या मुलांसाठी तो माणूस म्हणजे अब्राहम नागावकर. रिंकवरचे लोक त्यांना एब म्हणत, आणि मी एबकाका.

आमची गाठ पडली ती ओवेनमुळे. तरुण खेळाडूंना गावातल्या कुटुंबांकडे राहायला ठेवण्याची इथल्या क्लबांची पद्धत आहे. आमच्याकडे एक खोली रिकामी होती. माझ्या नवऱ्यानं, मकरंदनं, ऑफिसातल्या कुणाच्या तरी सांगण्यावरून होकार देऊन टाकला आणि वेल्समधल्या एका लहान गावातला एकोणीस वर्षांचा, दारातून वाकून आत येणारा ओवेन आमच्या घरी आला. त्याचे वडील छपरं दुरुस्त करत. मुलगा लाजाळू होता. माझ्या पोळ्यांना तो पीनट बटर लावायचा आणि मी बघतेय असं वाटलं की कानापर्यंत लाल व्हायचा. समुद्रापलीकडच्या एका संघानं त्याला निवडून दुसरं वर्ष सुरू होतं. येत्या जूनपर्यंत करार झाला नाही, तर तो दरवाजा बंद होणार होता.

दुसऱ्याच आठवड्यात एक उंच, सावळे, साठी ओलांडलेले गृहस्थ आले. लोकरीची टोपी, अंगाला लवंगेच्या तेलाचा आणि मलमाचा वास. हस्तांदोलन केलं, बूट काढले आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन आमचा फ्रिज उघडला.

मी हळूच मराठीत म्हटलं, "मकरंद, हे गृहस्थ आपल्या फ्रिजमध्ये काय शोधतायत?"

"पोरगा काय खातो ते बघतोय, बाई," फ्रिजमधून मराठीत उत्तर आलं. "आणि ही आमटी उघडी कोणी ठेवली? वास लागतो ना दुधाला!"

ते मुंबईच्या मराठी बोलणाऱ्या ज्यू घरातले, शाळकरी वयातच लंडनला आलेले. त्यांच्या समाजातले बहुतेक लोक आता घरीही इंग्रजीच बोलतात. काकांचं मराठी मात्र आईनं तिच्या शेवटच्या दिवसापर्यंत राखलेलं, आणि म्हणून ते आईच्या स्वयंपाकघराएवढंच मोठं होतं. करार, विमा, स्नायू यांना त्यांच्याकडे मराठी शब्द नव्हते. पण 'उतू जाणं', 'विरजणं', 'मुरणं', 'करपणं' यांचे बारीकसारीक भेद त्यांना असे ठाऊक होते की कवितेच्या वर्गात आयुष्याची चांगली वर्षं घालवलेल्या मला हेवा वाटे.

"आम्ही शनिवार तेली," ते एकदा म्हणाले. कोकणात त्यांचे पूर्वज तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी, त्यांच्या पवित्र दिवशी, घाणा बंद ठेवत. म्हणून गावानं दिलेलं ते नाव. "घाण्याचा बैल पळवलात तर तेल जास्त येत नाही. बैल पडतो. हे माझ्या पणज्याला कळत होतं. आमच्या शेठ लोकांना कळत नाही."

"आणि तुमचे सामने नेमके शनिवारीच असतात," मी म्हटलं.

"हो. आई असेपर्यंत दर शनिवारी शिव्या खाऊन गाडीत बसायचो. आता नुसताच बसतो."

त्यांची शिकवण्याची रीत मी आमच्या जेवणाच्या टेबलावर पाहिली. लॅपटॉपवर ओवेनच्या सामन्याचे तुकडे लावलेले असत. ओवेन बचावपटू होता. समोरून अंगावर येणाऱ्याला मागे मागे सरकत अडवणं हे त्याचं काम. उजवीकडून कुणी आलं तर तो पाण्यावरच्या पानासारखा सहज वळे. डावीकडून आलं की त्याचं वळणं एका श्वासानं उशिरा व्हायचं. काका ती चूक कधीच दाखवत नसत. चूक घडायच्या क्षणभर आधी चित्र थांबवत आणि विचारत, "आता काय दिसतंय?"

"माझी चूक..."

"चूक अजून व्हायचीय. आता काय दिसतंय?"

ओवेन पडद्याकडे बघत राही. फ्रिजची घरघर, बाहेर कुणाच्या तरी कचऱ्याच्या डब्याची चाकं खडबडत गेल्याचा आवाज, आणि थांबवलेल्या चित्रातलं ते निळसर, श्वास रोखलेलं बर्फ. मग हळूहळू त्याला दिसू लागे. त्या माणसाचा खांदा. काठीचा कोन. आपल्याच दोन पायांमधलं अंतर. "आता शिकलास," काका म्हणत. त्यांच्या शब्दकोशात याहून मोठी स्तुती नव्हती.

नंतर ते त्याला मोजे घालून आमच्या गुळगुळीत फरशीवर उलटं सरकायला लावत. मी लसूण सोलत बसलेली, आणि माझ्यामागून दोन मीटरचा मुलगा टाइल्सवरून सर्र सर्र मागे जातोय, डावीकडे वळतोय, कपाटावर आपटतोय. "सॉरी, जया!" असं तो मला म्हणायचा, आणि काका त्याला इंग्रजीत सांगायचे, "कपाटाला सॉरी म्हण. ते जागेवर होतं."

दर आठवड्याला ते पलीकडच्या संघाला असे तुकडे पाठवत, चांगल्या खेळाचे जितके तितकेच चुकांचे. हा त्यांचा नियम होता. "नुसतं चांगलं पाठवलं तर ती जाहिरात झाली," ते म्हणत. "नुसतं वाईट पाठवलं तर चहाडी. मुलगा दोन्हीच्या मध्ये कुठेतरी असतो."

पण शिकण्यासाठी बर्फावर उतरावं लागतं, आणि ओवेनला उतरवायचं की नाही हे काकांच्या हातात नव्हतं. ते होतं मार्टिनच्या, आमच्या गावच्या संघाच्या कोचच्या हातात. सामन्यामागून सामने ओवेन बाकावर बसून असे. खांद्यावर टॉवेल, हनुवटी काठीच्या टोकावर. एखाद-दुसऱ्या मिनिटापुरता उतरायचा, अंग गरम होण्याआधी परत बाकावर. काका त्या बाकाकडे बघत बसत. रिंकवर ओल्या लोकरीचा, रबराचा आणि व्हिनेगर शिंपडलेल्या चिप्सचा एक मिश्र, शिळा वास असतो. आजही तो आला की मला ती हनुवटी आणि काकांचे काखेत दाबलेले हात आठवतात.

एका शनिवारी, सामना हरल्यावर, कार पार्कमध्ये काकांनी मार्टिनला गाठलं. मी गाडीशी उभी होते. थंडीनं दोघांच्याही शब्दांना वाफ येत होती.

"तो मुलगा बसून बसून कसा शिकणार?" काका म्हणाले.

"तुझा मुलगा माझ्या सामन्यात शिकणार, आणि सामना मी हरणार," मार्टिन म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. फक्त दमलेला होता. "मी हरलो की लोक येत नाहीत. लोक आले नाहीत की मला काढतात. तुझ्या त्या श्रीमंत लोकांना मुलगा तयार हवा ना? मग त्यांनी त्याला तिकडे न्यावं आणि तिकडे हरावं."

"तिकडे तो तयार नाही म्हणूनच इकडे आहे."

"आणि इकडेही तो तयार नाही, एब. मग मी काय करू?"

हीच त्या व्यवसायाची खोच होती. मुलगा ज्यांचा, ते लांब. जिथे मुलगा, तिथल्यांचा तो नाही. मधल्या माणसाला शिकवायचा हक्क होता, खेळवायचा नव्हता. परतताना ते गाडीत एकदम मराठीत म्हणाले, "पीठ एकाचं, तवा दुसऱ्याचा. आणि भाकरी करपली की विचारणार मला."

जानेवारीत गोष्ट टोकाला आली. दर बुधवारी दुपारी, तिकडची सकाळ साधून, वरिष्ठांचा फोन येई. त्या बुधवारी काका आमच्याकडेच होते. ओवेन जिमला गेला होता. पलीकडून एक तरुण, चटपटीत आवाज बोलत होता: मुलगा इतका कमी खेळतो की त्याच्याबद्दल ठरवायला काही आधारच नाही, तेव्हा हंगाम संपला की विषय संपवू. काकांनी "येस" म्हटलं, "आय हिअर यू" म्हटलं, फोन ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "झाडाला पाणी द्यायचं नाही, आणि फळ नाही म्हणून झाड तोडायचं. आहे की नाही हुशारी?"

आणि मग नशीब अचानक उदार झालं, तेही वाकड्या वाटेनं. मार्टिनचे दोन अनुभवी बचावपटू एकापाठोपाठ एक जखमी झाले. त्याच्यापुढे पर्याय उरला नाही. फेब्रुवारीभर ओवेन खेळला. पोटभर, घामाघूम होऊन खेळला. कधी असा खेळला की बर्फावर त्याच्या स्केट्सच्या पात्यांचा आवाज कोऱ्या कापडातून जाणाऱ्या कात्रीसारखा एकसंध येई आणि माझ्या अंगावर काटा उभा राही. कधी डावीकडून कुणी आलं की तोच जुना उशीर व्हायचा, आणि मागे गोल. घरी येऊन तो भाताचा डोंगर खायचा आणि खाता खाताच पेंगायचा. तो आनंदात होता. मी त्याला असं कधी पाहिलं नव्हतं.

त्या महिन्यातल्या एका दुपारी काका टेबलाशी बसून पाठवायचे तुकडे कापत होते. मी समोर बसून तांदूळ निवडत होते. पडद्यावर ओवेन डावीकडे उशिरा वळला. काकांनी तो तुकडा उचलला, क्षणभर पाहिला आणि टाकून दिला. मग तसाच दुसरा. मग तिसरा.

मी विचारलं, "काका, हे नाही पाठवायचे?"

"आज नको."

"पण तुमचा नियम..."

"बाई, तांदूळ निवडा!" ते खेकसले. मग पडद्यावरची नजर न हलवता, खालच्या आवाजात म्हणाले, "त्यांनी जूनच्या आत त्याची सही घेऊन त्याला इथेच ठेवलं तर अजून एक वर्ष मिळेल. मला फक्त एक वर्ष हवंय. पुढच्या वर्षी सगळं पाठवीन. चुका आधी."

मी तांदूळ निवडत राहिले. त्यांचा तो अट्टल खरेपणा मला मनातून जरा छळतच होता. तो एकदाचा वितळतोय याचं मला बरंच वाटलं.

तुकडे पोचले, आणि वरिष्ठांनी ते पाहिले. फोन आला तो मार्चच्या सुरुवातीला, आणि त्यात वर्षभराच्या सवलतीचा शब्दही नव्हता. त्यांनी ओवेनला ताबडतोब बोलावलं होतं. त्यांच्या दुय्यम संघाकडून हंगामाचे शेवटचे सामने खेळायचे, आणि त्यावरून करार ठरणार.

ओवेननं मला उचलून गोल फिरवलं. मकरंदनं शँपेन नसल्यामुळे कोकमाचं सरबत ओतलं. काका कोपऱ्यात फोनवर पुन्हा पुन्हा तेच सांगत होते: "आत्ता नको. पुढच्या वर्षी. तो तयार नाही." पलीकडचा तो तरुण आवाज इतका स्पष्ट होता की खोलीभर ऐकू आला.

"पण एब, या तर तुमच्याच क्लिप्स आहेत."

काकांनी फोन खिशात ठेवला. ओवेन हसत त्यांच्याकडे आला. "काय म्हणाले?"

"म्हणाले, गरम कपडे घे," काका म्हणाले.

मला आजही तिथेच थांबून कुणाला तरी गदागदा हलवावंसं वाटतं. काकांना, की त्या आवाजाला, की स्वतःला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या मुलाला थांबवणारं एकच वाक्य होतं, आणि ते बोलायचं तर आधी काकांना आपल्या त्या दुपारबद्दल सांगावं लागलं असतं. ते बोलले नाहीत. सगळा आठवडा ते येत राहिले, फरशीवर त्याला डावीकडे वळवत राहिले. जणू मुरायला महिने लागणारं लोणचं बरणी जोरात हलवली की मुरेल.

तिकडे व्हायचं ते झालं. आम्ही सामने लॅपटॉपवर पाहिले. पहिल्या सामन्यात तो बरा खेळला. दुसऱ्या सामन्यापर्यंत समोरच्यांना कळलं होतं. त्या उंचीवरच्या खेळात अशी गोष्ट लपत नाही. एकानं पाहिलं की सगळे त्याच वाटेनं येतात. ते येत राहिले, डावीकडून, पुन्हा डावीकडून. ओवेन वळत राहिला, एका श्वासानं उशिरा. काका आमच्या सोफ्यावर बसले होते. त्यांनी चित्र थांबवण्यासाठी हात पुढे केला आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की हे थांबवता येत नाही. तिसऱ्या सामन्यापासून ओवेन बाकावर होता.

तो परत आला तेव्हा वीतभर बुटका झाल्यासारखा वाटला. करार आला नाही. मेचा शेवट आला आणि हक्क संपले. आमच्या क्लबचेही जखमी खेळाडू बरे झाले होते. मार्टिननं त्याला पुढच्या हंगामासाठी ठेवलं नाही.

जूनमधल्या एका स्वच्छ सकाळी त्याचे वडील शिड्या बांधलेली व्हॅन घेऊन आले. मागच्या अंगणात गवत कापल्याचा ओला, हिरवा वास होता. बापलेकांनी बॅगा चढवल्या. तेवढ्यात काकांची गाडी आली. ते उतरले, टोपी काढली. त्यांचं डोकं मी पहिल्यांदाच उघडं पाहिलं; पांढरे केस लहान मुलासारखे मऊ होते.

"ओवेन, मला एक सांगायचंय," ते म्हणाले. "फेब्रुवारीतल्या तुझ्या क्लिप्स. मी त्यातल्या चुका काढून पाठवल्या. म्हणून त्यांनी तुला बोलावलं."

ओवेनला समजायला वेळ लागला. "म्हणजे तुला माहीत होतं? मी तयार नाही हे?"

"हो."

"आणि मी विमानात बसलो तेव्हाही माहीत होतं?"

"हो. मला वाटलं होतं एक वर्ष मिळेल. त्यांनी..."

"त्यांनी नाही, एब." त्याचा आवाज चढला नाही. "तू मला रोज विचारायचास, काय दिसतंय. तुला दिसत होतं, आणि तू मला सांगितलं नाहीस."

काकांनी मान हलवली. होय अशीच. त्यांनी स्वतःचा बचाव केला नाही. वरिष्ठांचं, मार्टिनचं, कुणाचंही नाव घेतलं नाही. जन्मभर ज्यांच्यावर चिडले, ती सगळी माणसं त्या क्षणी त्यांना उपयोगी पडली असती.

वडिलांनी व्हॅन सुरू केली. ओवेननं मला मिठी मारली, मकरंदशी हात मिळवला, आणि काकांच्या समोरून जाऊन पुढच्या सीटवर बसला. व्हॅन वळणाआड गेली.

"आत चला काका, चहा टाकते," मी म्हटलं.

"नको."

ते आपल्या गाडीत बसले, पण दार लावलं नाही. एक पाय बाहेर, आमच्या दारापुढच्या विटांवर. फोन वाजला. मी पायरीवर उभी होते. उन्हात सगळं ऐकू येत होतं. यंदाची निवड जवळ आली होती आणि तिकडच्यांची स्कॉटलंडमधल्या एका मुलावर नजर होती. काका ऐकत राहिले.

"वय काय?" त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "सतरा. मग मला आत्ता काही विचारू नका. अजून चार वर्षांनी विचारा. आणि मला तर विचारूच नका." आणि त्यांनी फोन बंद केला.

ते तसेच बसून राहिले. शेजारचं गवत कापायचं यंत्र थांबलं, पुन्हा सुरू झालं. मला वाटलं, संपलं. आता हा माणूस घरी जाईल, टोपी खुंटीला लावील आणि शनिवारी घरातच बसेल. मला ते हवंही होतं. त्यांच्यासाठी, आणि खरं सांगायचं तर त्या अनोळखी मुलासाठीही.

मग त्यांनी बाहेरचा पाय आत घेतला, चष्मा पुसला, आणि स्वतःच तो नंबर पुन्हा लावला.

"कुठे राहतो तो?" त्यांनी विचारलं, आणि दार ओढून घेतलं.